सातव्या रकान्यातली खूण

चौतीस वर्षं मी लोकांचे अर्ज तपासले. एक रकाना रिकामा दिसला की अर्ज परत, अशी माझी ख्याती होती. त्यामुळे स्कूबा डायव्हिंगच्या अर्जातला सातवा रकाना (‘पोहता येते काय?’) रिकामा सोडणं मला शक्यच नव्हतं. त्यातून बायको खांद्यावरून वाकून बघत होती. मी ‘हो’पुढे खूण केली.

कोर्सची हौस तिची. तिनं शाळेत तीस वर्षं भिंतीवरच्या तक्त्यातले मासे शिकवले. आता तिला ते हलताना बघायचे होते. तिला पोहता येतं. मला येत नाही. पण लग्न ठरण्याआधी मी तिला सांगून बसलो होतो की, कॉलेजात असताना पुराच्या नदीत उडी टाकून मी बुडणाऱ्या मित्राला बाहेर काढलं. एकदा केलेली गोष्ट माणसाला जन्मभर निभवावी लागते. (लग्नाचंही तसंच आहे, पण तो विषय वेगळा.)

“आधी दहा मिनिटं तरंगायचं, मग न थांबता दोनशे मीटर पोहायचं,” प्रशिक्षक म्हणाला.

मी त्याला बाजूला घेतलं. “मुळात ही अट कशाला? आपल्याला जायचंय खाली. न पोहणारा माणूस तिथे जास्त लवकर पोहोचतो.”

“पोहोचतो ना, काका. पण वर कोण आणणार?”

“पाठीवर हवेची टाकी असते, अंगात जॅकेट असतं, सोबत तुम्ही असता.”

“आणि टाकी संपली, बोट लांब राहिली, मी दुसऱ्या कुणाला धरलेलं असलं, तर?”

आमच्या ऑफिसात असल्या ‘तर’ला वरिष्ठांच्या अभिप्रायासाठी पाठवायची सोय होती. इथे नव्हती.

कोर्सच्या तलावातल्या चाचणीला आठ दिवस होते. वाचनालयात जातो असं सांगून मी रोज सकाळी दुसऱ्याच एका तलावावर जाऊ लागलो. पोहणं काही जमेना. शेवटी तिथला शिक्षक वैतागून म्हणाला, “काका, काहीही करू नका. नुसते पडून राहा.”

आणि मी तरंगलो. नोकरीतला अनुभव कधी ना कधी उपयोगी पडतोच.

चाचणीच्या दिवशी बायको टॉवेल घेऊन काठावर बसली. माझा बेत साधा होता. दहा मिनिटं तरंगायचं आणि पोहायची वेळ आली की पोटात दुखायला लागायचं. मी डोळे मिटले. कान पाण्याखाली गेले. आठव्या मिनिटाला जीवरक्षकांची पाळी बदलली. नव्यानं आलेल्याला पाण्यावर एक वयस्कर गृहस्थ निश्चल पडलेले दिसले आणि त्यानं आपलं कर्तव्य केलं.

मानेला अचानक हात लागताच मी दचकलो, हातपाय झाडले आणि आता मात्र खरोखरच बुडालो.

काठावर माझ्या पाठीत थापा घालून झाल्यावर प्रशिक्षकानं घड्याळ बघितलं. “आठ मिनिटं दहा सेकंद. दुसऱ्याचा हात लागला, म्हणजे तरंगणं पुन्हा. ते राहू दे, आधी दोनशे मीटर उरकून घेऊ.”

दुखायला पोटात जागाच नव्हती. सगळं पाणी होतं.

“मला पोहता येत नाही,” मी बायकोकडे बघत म्हणालो. “ती पुराची गोष्ट...”

“माहीत आहे,” ती माझं डोकं पुसत म्हणाली. “लग्नानंतर आठवड्याभरात सासूबाईंनी सांगितली. उडी मित्रानं टाकली होती. बाहेर काढलं तुम्हाला.”

“मग चाळीस वर्षं बोलली का नाहीस?”

“अहो, दर वेळी सांगताना तुम्ही नदी थोडी रुंद करत होतात. कुठवर नेताय, बघत होते.”

मग तिनं टॉवेल माझ्या हातात दिला, पाण्यात उतरली आणि दोनशे मीटर पोहून आली.

बाहेर टेबलावर तिनं आपला अर्ज पुन्हा मागून घेतला. ‘अपघात झाल्यास कोणास कळवावे’ या रकान्यात माझं नाव होतं. ते तिनं खोडलं.

“तुम्हाला कळवून काय उपयोग?” असं म्हणून तिनं त्या जीवरक्षकाला त्याचं पूर्ण नाव विचारलं.

खाडाखोडीशेजारी सही लागते, एवढं मात्र तिला मीच सांगितलं.