भास्कररावांनी सुधारलेला माइक

देवासच्या भास्कररावांनी सकाळचा चहा संपवला आणि मुलीचा माइक उघडला. माइकला काहीही झालेलं नव्हतं. पण निवृत्त झाल्यापासून भास्कररावांना घरातली चालू वस्तू बघवत नसे. त्यातून स्वस्तातला कंडेन्सर माइक घरच्या घरी लाखमोलाचा कसा करावा, याचे चार व्हिडिओ त्यांनी पाहून ठेवले होते.

श्रिया खोलीत आली तेव्हा टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं होतं आणि त्यावर माइकची आतडी बाहेर आली होती.

"बाबा! हे काय खोलून ठेवलं? पाच वाजेपर्यंत सँपल पाठवायचंय मला! मस्त चालू होता ना यार!"

"चालू होता म्हणजे चांगला होता असं नाही. ही आतली जाळी फालतू आहे, आवाज अडवते. काढून टाकली. कपॅसिटरपण बदलून देतो. तू टेन्शन नको घेऊ बेटा."

टेन्शन घेण्यासारखंच होतं. इंदूरच्या एका स्टुडिओला ऐकायच्या कथामालिकेसाठी एका तरुण मुलीचा आवाज हवा होता. शाळेतली तात्पुरती नोकरी सुटल्यापासून श्रियाने सात ठिकाणी नमुने पाठवले होते, आणि दुसऱ्यांदा बोलावणं फक्त इथूनच आलं होतं.

तीन वाजता सोल्डरिंग आटोपलं आणि नवाच प्रश्न निघाला. आवाज झेलणारी सोनेरी चकती एकाच बाजूने ऐकते. तिचं तोंड आधी कुठे होतं, हे भास्कररावांना आठवेना. मुलीला विचारणं सोपं होतं, पण तो त्यांचा स्वभाव नव्हता. एवढ्यात त्यांना वरच्या जाळीवरचा कुंकवाचा ठिपका दिसला.

"विनोदिनी, खंडेनवमीला माइकला कुंकू तू समोरूनच लावलं होतंस ना?"

"मग! पाठीला कुंकू लावतात का कधी?" विनोदिनीबाई स्वयंपाकघरातूनच ठसक्यात म्हणाल्या. पूजेच्या दिवशी माइक भिंतीकडे तोंड करून उभा होता, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. भास्कररावांनी चकती कुंकवाकडे तोंड करून बसवली.

साडेचारला श्रिया नेहमीप्रमाणे कंपनीचं नाव असलेल्या बाजूने वाचायला बसली. माइकच्या पलीकडे, बरोबर कुंकवासमोर, भास्करराव हेडफोन लावून बसले.

"बाबा, तुम्ही बाहेर बसा ना प्लीज."

"आणि कनेक्शनवर लक्ष कोण ठेवणार? मी एकदम चूप बसतो."

श्रियाने वाचायला सुरुवात केली, आणि भास्कररावांनी चूप बसायला. "हळू... आता जोर दे... अगं, श्वास केवढ्यांदा घेतेस... इथे थांबायचं ना! तू रडतेयस की भांडतेयस?" मागून बोललेलं माइकला ऐकू येत नाही, या भरवशावर श्रिया दात आवळून वाचत राहिली. हेडफोनमध्ये भास्कररावांना स्वतःचाच आवाज भरदार ऐकू येत होता, आणि त्यात काही चुकतंय असं वाटायचं त्यांना कारणच नव्हतं.

"एकदा ऐकून बघते," श्रिया म्हणाली.

"मी ऐकलंय सगळं. फर्स्ट क्लास! चार मिनिटं राहिलीत, पाठव!"

तिने पाठवलं.

तिसऱ्या दिवशी स्टुडिओचा फोन आला. "श्रियाजी, आपकी आवाज तो ऐसी आ रही है जैसे बगल के मकान से बोल रही हों. आपका तो नहीं हो पाएगा." श्रियाच्या डोळ्यांत पाणी आलं. "लेकिन बीच में जो अंकल बोल रहे हैं ना, वो कौन हैं? तीन महीने से हम यही आवाज ढूंढ रहे थे!"

श्रियाला इतका राग आला की ती दिवसभर बापाशी बोलली नाही. विनोदिनीबाईंनी नवऱ्याच्या आमटीत मीठ घातलं नाही. भास्कररावांना मात्र कलेची कदर झाल्याचा आनंद आवरत नव्हता.

संध्याकाळी स्टुडिओने पाठवलेली त्यांची भूमिका छापून आणायचं काम श्रियाच्याच वाट्याला आलं. भूमिका एका बापाची होती. मुलांचं भलं करायला जातो आणि प्रत्येकाचं काम बिघडवून ठेवतो, असा तो बाप. भास्कररावांनी चष्मा लावून सगळी पानं वाचली आणि मान हलवली.

"हे लिहिणारे काहीपण लिहितात हं. असा माणूस कुठे असतो का?"

मग त्यांनी खिशातलं पेन काढलं. "बिचाऱ्यांना थोडं सुधारून देतो," म्हणाले, आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली.