खाली नाव : हिराजी राघो

भाईंदरजवळच्या राई गावात हिराजीकाकांसमोर "आज चारला भरती आहे" एवढं साधं वाक्य बोलायचीसुद्धा सोय नव्हती. लगेच प्रश्न यायचा, "कोन बोलला?" पंचांगात आहे म्हणावं, तर कोणाच्या घरातलं पंचांग, आणि ते वाचलं कोणी? वाचणाऱ्याला चष्मा लागत असेल आणि तो घातलेला नसेल, तर भरती रद्द.

बरं, हा जाच फक्त दुसऱ्यांना नव्हता. स्वतःच्या बोलण्यालाही ते तीच शिस्त लावायचे. "बांगडा आज सस्ता हाय. हे माझं न्हाय, सखूबायचं हाय." "गुडघा दुखतोय तो वातानं. हे डाक्टर बोलला. मना इचारशील तर तो पोराच्या बिल्डिंगच्या जिन्यानं दुखतोय. हे माझं हाय." कुठलं वाक्य कोणाचं, याची त्यांच्याइतकी चोख वाटणी मी विद्यापीठातसुद्धा कोणाला करताना पाहिली नाही. आणि विद्यापीठात तर आम्ही त्याचंच शिक्षण घेत होतो.

नव्वदच्या दशकाची सुरुवातीची वर्षं. आम्ही नुकतेच गिरगाव सोडून भाईंदरला जेसल पार्कात राहायला आलो होतो. इथल्या मिठागरांवर मी एम. फिल.चा प्रबंध लिहीत होते. मी शिकवत होते त्या कॉलेजात गुरुवारी मला तास नसायचे, म्हणून वही घेऊन राईला गेले. मिठागरावर आयुष्य काढलेलं जुनं माणूस कोण, असं दुकानात विचारलं, तर दुकानदार गालात हसला आणि म्हणाला, "हिराजीकाका हायेत. पन बाई, जपून. तुमचं नाव घेतील."

काय म्हणतोय ते मला काकांच्या ओटीवर पोचल्यावर कळलं. मी वही उघडायच्या आधीच त्यांनी हात वर केला. "नाव खाली घालनार ना?"

"कोणाचं?"

"माझं! पानाच्या खाली, बारीक अक्षरात. हिराजी राघो पाटील, राई. बापाचं नाव पायजेच. नायतर गावात तीन हिराजी हायेत, भलताच मिरवायचा."

मी चाटच पडले. तळटीप हा प्रकार समजून घेताना माझ्या वर्गातल्या पोरांची दमछाक व्हायची, आणि हा मिठागरातला माणूस मलाच अटी घालतोय! मागचं दुखणं मग बाहेर आलं. पंधराएक वर्षांपूर्वी मुंबईहून कोणी एक प्रोफेसर आले होते. दोन दिवस ओटीवर बसले, काकांनी त्यांना मीठ कसं पिकतं ते अथपासून इतिपर्यंत सांगितलं, वर चिंबोऱ्यांचं कालवण खाऊ घातलं. पुढे पुस्तक निघालं. शाळेच्या मास्तरांनी ते काकांना वाचून दाखवलं. काकांचं प्रत्येक वाक्य त्यात होतं आणि प्रत्येक वाक्याच्या आधी लिहिलेलं होतं, 'स्थानिक लोक सांगतात'.

"थानिक लोक!" काकांचा आवाज पंधरा वर्षांनीही चिरका झाला. "अगो, थानिक लोकांतला येक तरी बोलला काय? सगले कामावर गेलते. मी येकटा बोलत व्हतो!"

तेव्हापासून हे व्रत. पण व्रताचा त्रास गावाला झाला. त्यांना एखादी बातमी सांगावी, तर संध्याकाळपर्यंत ती सांगणाऱ्याच्या नावानिशी गावभर. एकदा व्याह्यांच्या घरी जेवायला बसले असताना बोलून गेले, "आमटीत पानी लय हाय. हे मी न्हाय बोललो, तुमची लेकच घरी बोलते." ती लेक म्हणजे काकांची सून. पुढच्याच वर्षी मुलाने भाईंदर पश्चिमेला ब्लॉक घेतला, तिसऱ्या मजल्यावर. काकी त्याआधीच गेलेल्या. बातमी सांगायला लोक घाबरायला लागले, मग हवापाण्याचं बोलायलाही थांबेनात. नावाची एवढी काळजी घेणाऱ्या माणसाला नावाने हाक मारणारं रस्त्यावर कोणी उरलं नव्हतं. हे मला तेव्हा दिसत होतं, पण मी माहिती गोळा करायला गेले होते. दुसरं काही गोळा करायला मला वेळ नव्हता.

आमचं ठरलं. दर गुरुवारी दुपारी मी जायची. काका ओटीवर सतरंजी घालून तयार. पण एका गुरुवारी एकच गोष्ट! भरतीचं पाणी आत घ्यायचं फळ्यांचं दार कसं उघडायचं, ही एक. वाफ्याचा तळ पायांनी कसा तुडवायचा, ही दुसरी. तुडवताना पाय कुठे पडतो इथपर्यंत आले की थांबायचे.

"मग? पुढे काय झालं?" मी विचारायची.

"आज बस. येत्या गुरवारी."

"काका, पाच मिनिटांचं तर राहिलंय!"

"पाच मिन्टाचं हाय तर गुरवारी पाच मिन्टात सांगतो ना."

मी चरफडत परत यायची. म्हातारा भाव खातोय, असं घरी आईला सांगायची. असे सहा महिने गेले आणि माझ्याकडे त्यांच्या नावाच्या एकोणीस तळटीपा झाल्या.

मग माझे गाईड आडवे आले. सरांचा एकच मंत्र होता : "छापील आहे का? मग छापील द्या." तोंडी माहिती म्हणजे त्यांच्या लेखी पाण्यावरची रेघ. काकांनी सांगितलेली एकेक गोष्ट ते जुन्या अहवालांत नाहीतर पुस्तकांत शोधून काढायचे, लाल पेन्सिलने काकांचं नाव खोडायचे आणि तिथे पुस्तकाचं नाव, पान क्रमांक घालायला लावायचे. आणि त्यातल्या निम्म्या ठिकाणी कुठलं पुस्तक निघालं असेल? तेच! 'स्थानिक लोक सांगतात' वालं. मी तोंड उघडलं, तर सर म्हणाले, "अहो, ते छापलेलं आहे ना?"

एकोणिसातली एक तेवढी वाचली. मिठागरावर पहिलं मीठ निघालं की बायका त्याची ओंजळ खाडीला परत द्यायला निघायच्या, आणि मिठागराकडे पाठ होऊ नये म्हणून खाडीपर्यंत उलट्या पावलांनी चालत जायच्या. सर तर खुर्चीतून उठलेच. "अप्रतिम! हे कुठेही छापलेलं नाही! बाई, तुमचा प्रबंध याच्यावर उभा राहील."

मी उड्या मारत राईला गेले. काका, तुमचं नाव लागलं! तळटीप क्रमांक एकेचाळीस, वडिलांच्या नावासकट. मी ती वाचून दाखवली, त्यांनी पुन्हा वाचायला लावली. चेहरा असा फुलला की मला वाटलं आता गावात साखर वाटतात.

"आनि बाकीचं?"

"बाकीचं पुस्तकात आहे, काका. म्हणून तिथे पुस्तकाचं नाव द्यावं लागतं."

"आनि पुस्तकाला कोन बोलला?"

मी वही मिटली आणि हसले. मग त्यांनी विचारलं, "राहिलेलं येक कुठलं?" मी उलट्या पावलांचं सांगितलं. काका सतरंजी गुंडाळायला लागले. चहाचं न विचारताच मला म्हणाले, "जा आता. उशीर होईल."

तिसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या शाहबेन दारात. "ये अंकल कबसे नीचे हर किसीको पूछ रहे हैं, प्रबंधवाली कहाँ रहती है." मागे काका. इस्त्रीचा सदरा, डोक्यावर टोपी, हातात सुक्या बोंबलांची पिशवी. ती आईने दोन बोटांनी धरून गॅलरीत नेली.

काका बसले नाहीत. "ते येक्केचालीस काढ."

"काय?"

"खोटं हाय ते. बाया उलट्या कशाला चालतील? पडल्या नसत्या? मी बनवून सांगितलं."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. प्रबंध टायपिंगला गेला होता, आठ दिवसांत द्यायचा होता. एक तळटीप काढली की पुढच्या सगळ्यांचे आकडे बदलणार, सगळी पानं पुन्हा. टायपिस्ट माझा गळा धरणार आणि सर उरलेला. "काका, अहो, मला वेड्यात काढलंत? का पण? मी तुमच्यावर भरवसा ठेवला ना!"

"चार म्हैन्यातच सगलं संपत आलतं, पोरी. मग पुरवून पुरवून सांगितलं, शेवटी तेबी सरलं." ते भिंतीकडे बघत बोलत होते. "संपलं बोललो असतो, तर तू वही मिटून गेली असतीस. तू इचारायचीस ना, मग पुढे काय झालं? मना पुढचं काय तरी पायजे व्हतं."

"मग राहू द्या की तसंच! कोणाला कळणारे? अख्ख्या प्रबंधात तुमचं नाव तेवढ्याच एका ठिकाणी आहे."

"म्हाईत हाय." त्यांनी टोपी सारखी केली. "खोट्याच्या खाली माझ्या बापाचं नाव नको. काढ."

मी कच्ची प्रत काढली आणि एकेचाळिसावर तिरीमिरीत रेघ मारली. त्यांनी वाकून बघितलं. "राघो अजून दिसतंय," म्हणाले. मी पुन्हा गिरवलं. मग आईने आग्रहाने दिलेला चहा त्यांनी उभ्याउभ्याच घेतला, कप स्वतः मोरीत नेऊन ठेवला.

दाराशी चपला घालताना त्यांनी विचारलं, "आता तुझं राईला काय काम न्हाय ना?"

मी अजून धुमसत होते. एकेचाळिसाच्या जागी आता कुठलं पुस्तक घालायचं, एवढंच डोक्यात होतं.

"नाही काका. आता काम झालं."

"बरोबर हाय," ते म्हणाले. "कामाशिवाय कोन कशाला येईल? हे माझंच हाय."

आमचा चौथा मजला होता, लिफ्ट नव्हती. दुखऱ्या गुडघ्याने ते कठडा धरून एकेक पायरी उतरत होते. ते पहिल्या वळणावर पोचायच्या आत मी दार लावून पुस्तकं उपसायला बसले होते. एक हाक मारायची होती, या गुरुवारी येते म्हणून. नुसती बसायला येते म्हणून. ती मी मारली नाही, आणि याची मला आजही लाज वाटते.