कर्नल गेल्यानंतरचा पंचनामा

आमच्या ऑफिसातला सर्व्हर बंद पडला की गवाणकर स्टूल घेऊन सर्व्हररूमच्या दारातच बसत. नव्वद किलोंचा माणूस ओलांडून आत जायचं म्हणजे त्याचीच परवानगी हवी, आणि ती मिळत नसे.

"मेलेल्याला लगेच हात लावायचा नाही," ते म्हणत. "आधी पंचनामा."

पनवेलला एसटी स्टँडच्या मागे आमची मालवाहतुकीची कंपनी होती. मी बुकिंग बघायची, गवाणकर कॉम्प्युटर बघायचे. सर्व्हर पडला की चलनं निघत नसत, ट्रक फाटकाशी अडकत आणि ड्रायव्हर माझ्या खिडकीशी येऊन माझा उद्धार करत. एक बटण दाबलं की मशीन पाच मिनिटांत उठतं, हे एव्हाना सगळ्यांना ठाऊक झालं होतं. गवाणकरांना मात्र ते मरताना कशात गुंतलं होतं ते हवं असे. मशीनच्या मेमरीचा एक कोपरा त्यांनी याच दिवसासाठी रिकामा राखून ठेवला होता. मूळ कर्नल, म्हणजे सगळा कारभार चालवणारा गाभा, कोसळला की त्या कोपऱ्यातला दुसरा छोटा कर्नल जागा होई आणि पहिल्याच्या डोक्यात जे जे होतं ते डिस्कवर उतरवून घेई. याला पाऊण तास लागे. मध्येच बटण दाबलं की सगळं पुसलं जाई. हा पाऊण तास म्हणजे त्यांचा पंचनामा.

या कर्नलपायी एकदा भलताच घोळ झाला. गवाणकर फोनवर मोठ्याने कुणाला तरी सांगत होते, "कर्नल गेला, अचानक गेला." आमचे वॉचमन पाटीलमामा विचुंब्याचे, मनाने फार हळवे. ते टोपी काढून माझ्यापाशी आले. "मॅडम, कर्नलसाहेब गेलं? आमी तं त्यांना कदी बगलं पन नाय." मी समजावेपर्यंत ते फाटकावर चार ट्रकवाल्यांना बातमी देऊन आले होते, आणि त्यातल्या एकाने हार कुठून आणायचा तेही विचारून ठेवलं होतं.

पंचनाम्याचा निकालही गवाणकर खणखणीत आवाजात जाहीर करत. नेटवर्क कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रामलाही ड्रायव्हरच म्हणतात. "दोष ड्रायव्हरचा आहे. दुसऱ्याच्या जागेत घुसला," असं त्यांनी एकदा भर पॅसेजमध्ये सांगितलं, तेव्हा बाकावर बसलेले सहा ड्रायव्हर एकदम उठून उभे राहिले होते. दोष मात्र तोच निघाला आणि तो दुरुस्त झाल्यावर सर्व्हर आठ महिने पडला नाही. माणूस विक्षिप्त खरा, पण कामात चोख होता.

मग तो मार्चमधला दिवस आला. सर्व्हर पडला, ट्रकांची रांग थेट रस्त्यावर गेली. हवालदार येऊन ओरडून गेला, पुण्याहून मॅनेजर फोनवर ओरडत राहिले. गवाणकर हात धुवायला म्हणून उठले तेवढ्यात मी आत गेले. स्क्रीनवर बासष्ट टक्के दिसत होते. मी बटण दाबलं.

पाच मिनिटांत चलनं निघायला लागली. ड्रायव्हरांनी मला दुवा दिला. गवाणकर ओल्या हातांनी परत आले, स्क्रीनकडे पाहिलं आणि स्टूल जागेवर ठेवलं. ते चिडले असते तर मी भांडले असते, माझ्याकडे उत्तरं तयार होती. पण त्यांनी त्या दिवशी डबाही उघडला नाही.

चार वाजता चहा घेऊन मी गेले. चुकलं म्हटलं. ते म्हणाले, तुमचं काही चुकलं नाही, लोक खोळंबले होते. मग बायकोबद्दल बोलायला लागले. इतक्या वर्षांत त्यांनी तिचं नावही काढलं नव्हतं. ती गेली आहे एवढंच आम्हाला माहीत होतं.

ती सुकापूरच्या घरी, दुपारी कपड्यांच्या घड्या घालताना गेली. गवाणकर ऑफिसात होते. दहाव्याला गाढी नदीच्या काठी पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. समोरच्या झाडावर बसून होता, पण खाली येईना. लोक म्हणाले, इच्छा राहिली असेल, बोला काहीतरी. यांनी मुलीचं शिक्षण पुरं करीन म्हटलं. सासूबाईंना सांभाळीन म्हटलं. मेहुण्याने त्याच्या परीने चार गोष्टी कबूल केल्या. दीड तास असा गेला.

"गुरुजींना पुढचं काम होतं," गवाणकर म्हणाले. "त्यांनी दर्भाचा कावळा करून शिववला. चूक त्यांचीही नाही, लोक खोळंबले होते. पण बाई, सव्वीस वर्षं एका घरात राहून मला तिची एक इच्छा सांगता आली नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, मशीन काय, पुन्हा पडेलच.

"हो, मशीनचं ते बरं असतं," ते म्हणाले. आणि मी निघताना, एखादी फाइल मागावी इतक्या साध्या आवाजात, "तुम्ही बाईमाणूस आहात. काही सुचलं तर सांगा."

मी तीन दिवस विचार केला. पोळ्या लाटताना केला, रिक्षात केला. चौथ्या दिवशी त्यांच्या टेबलापाशी जाऊन म्हटलं, तुमच्या जेवणाचं कसं होणार, त्यातच तिचा जीव अडकला असेल.

गवाणकरांनी मान डोलावत अगदी नीट ऐकून घेतलं.

"तेही मी नदीवर म्हटलं होतं," ते म्हणाले. "अजून काही?"