सोनाबाईचा हात

धायरीतल्या आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये भालेराव काका भेटले की आधी तिकीट मागतात. हात पुढे, चेहरा गंभीर. "कुठून बसलात? कुठे उतरणार?" शहरातल्या बसमध्ये ते तिकीट तपासनीस होते. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तपासणी काही सुटली नाही. भाजीवाल्याचा काटा, टाकीचं झाकण, पाहुण्यांच्या चपलांचे तळ, सगळं तपासतात. काकू गेल्यापासून स्वतःचा गॅस तीनदा.

मी मालिका लिहिते हे कळलं आणि त्यांनी मला तपासायला घेतलं. आमच्या मालिकेतली नायिका सदाशिव पेठेत खोली करून राहणारी आजची विद्यार्थिनी. दर आठवड्याला ती काळात मागे जाते. एका भागात ती गावतळ्यावर पाण्याच्या हक्कासाठी निघालेल्या मोर्चात पोचणार होती. काकांनी तिचा सगळा प्रवास विचारून घेतला आणि शेवटी म्हणाले, "हिच्याकडे परतीचं तिकीट आहे. तळ्यावरच्या बायकांकडे नव्हतं. त्यांना दुसऱ्या दिवशी त्याच गावात उठायचं होतं."

मी ते वाक्य लगेच वहीत लिहून घेतलं. मी चळवळीतल्या घरात, पत्रकांवर वाढलेली मुलगी. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी पाढे लिहिलेत. 'ज्यांनी लढा दिला त्यांच्या वतीनं दुसऱ्यांनी बोलू नये', हे पत्रक तर माझंच. मंडईसमोर उभं राहून वाटलेलं.

मग काकांनी त्यांच्या आजीची गोष्ट सांगितली. आजी अशाच एका मोर्चात होती, कडेवर तान्हं मूल घेऊन. तळ्याच्या पायरीवर पोचली आणि हात पुढे होईना. शेजारच्या सोनाबाईनं तिचं मनगट धरलं आणि आपल्या हाताबरोबर तिचाही हात पाण्यात घातला. पुढे महिनाभर दोन्ही घरांना गावात कुणी मीठसुद्धा दिलं नाही. आजी म्हातारपणीही पाणी पिताना सोनाबाईचं नाव घ्यायची.

"आजी घाबरली होती, तेवढं ठेवा," काका म्हणाले. "सगळे त्यांना शूरच दाखवतात. आणि सोनाबाई ठेवा. तिच्यामागे नाव घ्यायला कुणी राहिलं नाही."

मी शब्द दिला.

चित्रीकरणाला काका डबा घेऊन हजर. मानधन नको म्हणाले, फक्त खुर्ची सावलीत मागितली. बायकांच्या डोक्यावरची चुंबळ नव्याकोऱ्या टॉवेलची आहे म्हणून त्यांनी अर्धा तास काम थांबवलं आणि घरून जुनं लुगडं आणून स्वतः चुंबळी वळून दिल्या. दिग्दर्शक वैतागून म्हणाला, काका, इथे मुलगी शंभर वर्षं मागे आलीय ते चालतं, आणि टॉवेल चालत नाही? काका म्हणाले, "ती आली ते तुम्ही सांगताय. लुगडं आम्ही सांगतोय."

तळ्याचा प्रसंग ज्या दिवशी होता त्या दिवशी काकांना डॉक्टरांकडे जायचं होतं. निर्मात्यांनी मला बाजूला घेतलं. नायिका नुसती बघत उभी राहते, तिला काहीतरी काम द्या. मनगट तिनं धरलं तर?

मी भांडले असं सांगायला आवडलं असतं. मी फक्त विचारलं, किती वेळ आहे? दहा मिनिटं, ते म्हणाले. मला सात पुरली. सोनाबाई झालेली बाई मागे गर्दीत जाऊन उभी राहिली. काकांना हे सांगायला माझ्याकडे नंतर तीन आठवडे होते. मी जिन्यानं जायला लागले.

तो भाग लागला त्या संध्याकाळी काकांनी मजल्यावरच्या सगळ्यांना घरी बोलावलं. पेढे आणले होते. सगळ्यांना सांगत होते, आता सोनाबाई येईल बघा. पडद्यावर आजी थबकली. नायिकेनं तिचं मनगट धरलं.

खोलीत कुणीतरी टाळी वाजवली. समोरच्या जोशी काकूंनी विचारलं, ही सोनाबाई का? काकांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "हो," म्हणाले. "छान झालंय. घ्या, पेढा घ्या."

सगळे गेल्यावर मी बोलायला तोंड उघडलं. त्यांनी रिमोट माझ्या हातात दिला.

"ती पायरीवर थांबते, तिथे थांबवता येईल?"

मी भाग मागे नेऊन चित्र तिथे थांबवलं. ते उठून टीव्हीजवळ गेले. आजी झालेल्या मुलीच्या चेहऱ्यावर भीती होती, तेवढी राहिली होती.

"अशाच दिसायच्या का त्या?" मी विचारलं.

"मला काय माहीत. मी तिला म्हातारीच पाहिली. फोटो नाही एकही."

मग त्यांनी तळहात काचेवर ठेवला, बरोब्बर नायिकेवर, ती पूर्ण झाकली जाईल असा. आणि उरलेल्या चित्राकडे बघत उभे राहिले. बऱ्याच वेळानं हात भरून आला तेव्हा त्यांनी दुसरा ठेवला.