मास्तरांचं चाळीस पानी व्याख्यान

राखणदाराने चर्चचं नवं कुलूप सगळ्यांना कौतुकाने दाखवलं, दार ओढून घेतलं, ते आपोआप बंद झालं, आणि मग त्याला आठवलं की किल्ली आत खुंटीवर आहे.

"आणि माझी पानं?" मास्तरांचा आवाज चिरकला. तीही आतच होती. चर्च म्हणजे काय, ही समजूत दोन हजार वर्षांत कशी बदलत गेली, यावर त्यांनी चाळीस पानं लिहिली होती. आज ऐकायला साक्षात बिशप आले होते. एरवी मास्तर बोलायला लागले की तिसऱ्या मिनिटाला लोक पेंगायचे. आज तरी सगळ्यांनी जागं राहावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

कुलूपवाला यायला तासभर लागणार होता. "समोरच माझं घर आहे, चला," राखणदार ओशाळून म्हणाला. पन्नास माणसं एका खोलीत कोंबली गेली. बिशपना घरातली एकुलती एक खुर्ची मिळाली.

"मास्तर, पानांवाचून बोला," बिशप म्हणाले.

मास्तरांनी चाचरत सुरुवात केली. "सुरुवातीला... असंच होतं. कुणाच्या तरी घरात जमायचे. जमलेली माणसं म्हणजेच चर्च."

तेवढ्यात चर्चचे चिटणीस शेजारून स्वतःसाठी खुर्ची घेऊन आले. ते पाहून खजिनदारही धावले.

"मग देखरेख करणारे, म्हणजे बिशप, आले," मास्तर म्हणाले, "आणि त्यांच्यामागून खुर्च्या आल्या." बिशप खो खो हसले. मास्तर चकित झाले.

मग पंख्यावरून जुंपली. खजिनदारांना तो हवा होता, गाणाऱ्या मावशींना घशामुळे नको होता. शेवटी मावशी निम्मी माणसं घेऊन तरातरा अंगणात गेल्या.

"हजारेक वर्षांनी हेच झालं," मास्तर म्हणाले. "एकाची दोन चर्चं झाली!"

इतक्यात कुलूपवाल्याने चर्चचं दार उघडलं. मावशींचा गट थेट आत जाऊन बसला आणि तिथून निरोप आला, "खरं चर्च इकडे आहे. मास्तरांना पाठवा."

"अजिबात नाही!" खजिनदार गरजले. "चर्च म्हणजे माणसं, आत्ताच सांगितलं ना त्यांनी? मास्तर आमचे!"

दोन्हीकडून माणसं मास्तरांना ओढू लागली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्यासाठी भांडण होत होतं, आणि त्यांना भरून आलं. ते रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि कधी नव्हे इतक्या खणखणीत आवाजात म्हणाले, "पुढे कित्येक शतकं लोक भिंतींनाच चर्च म्हणत राहिले. मग कुणीतरी पुन्हा विचारलं, भिंती की माणसं?"

पुढचं नीट ऐकू यावं म्हणून आधी खोलीतले बाहेर आले, मग मावशी आल्या. सगळे रस्त्यातच मास्तरांभोवती उभे राहिले. पानांची आठवण कुणालाच राहिली नाही.

घरी जाताना मास्तर हरखून बायकोला म्हणाले, "बघितलंस? एकालाही डुलकी लागली नाही!"

"लागेल कशी? सगळे उभे होते."

मास्तरांचा चेहरा पडला. दोन पावलं चालून ती हळूच म्हणाली, "मी मात्र पायरीवर बसले होते, अहो. आणि टक्क जागी होते."