विजयमालाची जागा

बोरीच्या कोंडाबाई रोज दुपारी शेळ्या सावलीला बांधल्या की वालूरला दिलेल्या लेकीला, विजयमालाला, फोन लावायच्या. लेकीची सासू त्या वेळी आडवी झालेली असायची, म्हणून मायलेकींना मोकळं बोलता येई. हा फोन हुकला की कोंडाबाईंना चहासुद्धा गोड लागत नसे. सून रेणुकानं त्यांच्या मोबाईलवर माणसांच्या फोटोंचे खाने करून दिले होते. विजयमाला दुसऱ्या ओळीत पहिली. चष्मा नसला तरी अंगठा बरोबर तिथंच पडायचा.

पण कंबर धरली म्हणून एके दिवशी त्यांनी कुशीवर निजून फोन लावला, तर उचलला विहिणीनं, सरजाबाईंनी. "सहज केला," म्हणून वेळ मारून नेली. उठून चष्मा लावून बघतात तर विजयमाला आपल्या जागेवर! दुसऱ्या दिवशी तेच. कुणीतरी लेकीला हलवतं आणि गुपचूप परत आणून ठेवतं, हे नक्की. खाने मांडले रेणुकानं, तेव्हा हलवणारी दुसरी कोण?

"आत्याबाई, मोबाईल उभा असला की एका वळीत तीन जण बसतात, आडवा झाला की पाच. मग खालचे वर सरकतात," रेणुका म्हणाली.

मी निजले का बसले हे मोबाईलला काय ठाऊक, असं कोंडाबाईंच्या मनात आलं. शिकलेली सून थापाही शिकलेल्या मारते. त्यांनी मोबाईल कमरेच्या पिशवीत ठेवायला सुरुवात केली.

तिसऱ्या दुपारी रेणुका समोरच ज्वारी पाखडत होती. कोंडाबाईंनी तिच्यावर एक डोळा ठेवून निजल्यानिजल्या अंगठा टेकवला. पुन्हा सरजाबाईच.

"इहीणबाई, रोज दुपारी तुमचा सहज फोन," त्या सावकाश म्हणाल्या. "विजयमालानं माझ्याबद्दल काय सांगितलं का?"

लेकीच्या संसारात आपल्याच हातानं काडी पडायची! घाबरून कोंडाबाईंनी खरं सांगून टाकलं. फोन लेकीलाच लावते, पण सून तिची जागा बदलते.

पलीकडे बाज करकरली. "सून? मी निजले की माझ्या बी लेकीचा फोटू जाग्यावर ऱ्हाईना झालाय. म्हंजी हे तुमच्या विजयमालाचं काम. थांबा, आत्ताच इचारते."

कोंडाबाई कंबर विसरून उठून बसल्या. "आवो, तसं न्हाई! मोबाईल उभा असला की वळीत तीन बसतात, आडवा झाला की पाच. सुनेचा त्यात काय दोष?"

"कुणी सांगितलं तुमाला?"

समोरचं सूप थांबलं. कोंडाबाईंनी नजर शेळ्यांकडे वळवली. "आमच्या रेणुकानं. लय हुशार हाय. खोटं बोलत न्हाई ती."

सूप पुन्हा हलू लागलं, जरा जास्तच जोरात. कोंडाबाईंनी विहिणीचा फोन ठेवून चष्मा लावला, ताठ बसून दुसऱ्या ओळीतला पहिला खाना दाबला आणि लेकीचा आवाज येताच तोंडावर पदर धरून विचारलं, "विजे, सासूच्या मोबाईलातला फोटू खरंच तू हलवत न्हाईस ना गं?"