उलटं चिन्ह आणि घासलेटचा वास

“मी गुन्हेगाराला शोधत नाही. गुन्हेगार मला पाहतो आणि कबुली देतो,” अशी स्वतःची ओळख रोह्याचे गुप्तहेर हैबतराव करून देत. आजवर कोणी कबुली दिलेली नव्हती. हैबतरावांच्या मते गुन्हेगारांची नजरच कमजोर. त्यांचा सहायक काळुराम हे ऐकून मान हलवी. होकाराची की नकाराची, ते स्वतःलाही कळू देत नसे.

आज मात्र काळुरामच्या जिवाला घोर होता. त्याच्या बहिणीचा नवरा पोपट पेणला, रामवाडीत, गुणाजीशेठच्या गणपती कारखान्यात रंगारी होता. स्पेनला जाणाऱ्या गणपतींच्या खोक्यांवर तो नमुना बघून ¡FRÁGIL! आणि ESPAÑA, म्हणजे तिथल्या भाषेत ‘नाजूक’ आणि ‘स्पेन’, असं रंगवी. पण रोज जेवून आल्यावर पाहावं तर A वरची तिरकी रेघ, N वरची नागमोडी रेघ आणि सुरुवातीचं उलटं उद्गारचिन्ह गायब!

“गिऱ्हाइकाने बजावलंय, नमुन्यात असेल ते सगळं हवं,” गुणाजीशेठ म्हणाले. “आज टेम्पो भरताना चिन्हं नसली तर पोपट, ब्रश ठेव आनि घरी जा.”

“शेठ, मी काढतो वो! जेवून येतो तर नसतात.”

काळुरामबरोबर पेणला आलेले हैबतराव पोपटने नुकत्याच हिरव्या रंगात काढलेल्या उलट्या चिन्हाला नाक टेकवून बसले. “हे उलटं का?”

“त्या लोकांत ओरडायच्या आधी कळवायची पद्धत हाय,” पोपट म्हणाला.

“सभ्य लोक. म्हणजे जास्त धोकादायक.”

त्यांनी काळुरामकडून रिकामं खोकं उलटं करवून घेतलं. तरी पुढचं चिन्ह उलटंच! शेवटचं सुलटं चिन्ह पुढे येऊन उलटं झालं होतं. त्यांनी खोकं पुन्हा फिरवायला लावलं. काळुरामने कंबर धरली, आणि तेव्हाच त्याला साहेबांच्या नाकावर उमटलेली हिरवी रेघ दिसली. सांगावं की नाही, या विचारात सांगायची वेळ निघून गेली.

पहिला संशय शेजारच्या कारखान्यावर होता. दुसरा परदेशी हेरांवर. तिसरा भिंतीवरच्या पालीवर. तिची हैबतरावांनी समोरासमोर चौकशी केली. मग त्यांनी हवा हुंगली. “घासलेट! काळुराम, कोणीतरी आग लावायला टपलंय!”

जेवणाच्या सुट्टीत दोघे एका मोठ्या गणपतीमागे दबा धरून बसले. कारखान्यातली सगुणा फडकं घेऊन आली.

“दादा, पाय उचला.”

हैबतरावांनी उचलले.

“ह्ये खोकं जरा हिकडं फिरवा.”

फिरवलं. ती पुसपास करून गेली. थोड्या वेळाने हैबतराव ताडकन उठले. “चिन्हं गेली! आणि माझ्या डोळ्यांदेखत इथे कोणी आलंच नाही!”

“साहेब, ती सगुणाबाई...”

“ती कामाला आली होती. गुन्हेगार कामाला येत नसतो.”

काळुरामला बहिणीची विझलेली चूल दिसली. जन्मात पहिल्यांदा तो ओरडला, तेही आधी न कळवता. “सगुणाबाई!”

सगळे धावत आले.

“व्हय, मीच पुसते,” सगुणा म्हणाली. “शिंतोडे ते! मूर्तीवर ठिपका ऱ्हायला तर शेठ माज्यावर खेकसतात. मग अक्षराच्या डोक्यावर उडालेला रंग कसा ठेवू? आनि पयला दांडा तर पोपटानं चक्क उलटाच काढलेला. त्याला बोलनी बसू नयेत म्हनून घासलेटाच्या फडक्यानं गुपचूप पुसला.”

ठिपका पुसायचा हुकूम गुणाजीशेठचाच होता. टेम्पो वडखळच्या कोंडीत अडकला होता, तेवढ्यात पोपटने सगळी चिन्हं पुन्हा काढली. सगुणा फडकं पाठीमागे घट्ट धरून उभी राहिली.

“उद्या लवकर ये,” शेठ पोपटला म्हणाले. एवढी माफी त्यांनी आजवर कोणाचीच मागितली नव्हती.

“अपेक्षेप्रमाणे,” हैबतरावांनी जाहीर केलं, “गुन्हेगाराने मला पाहिलं आणि कबुली दिली.”

सगुणा खरोखरच त्यांच्याकडे पाहत होती. नाकाकडे. “हलू नका हां, दादा,” म्हणत तिने फडकं फिरवलं.

परतीच्या एस.टी.त हैबतराव नागोठण्यापर्यंत हवा हुंगत होते.

“काळुराम, मागे बघू नकोस,” ते कुजबुजले. “आग लावणारा याच गाडीत आहे.”